ठमीचं गाऱ्हाणं

ठमी हरवली त्या दिवशी भिकाजी तोडणकर ताटावरून अर्ध्या जेवणात उठले. ताटात बांगड्याचं तिखलं होतं. तेव्हा प्रकरण किती गंभीर होतं हे मुरुगवाड्यातल्या माणसाला तरी वेगळं समजावून सांगायला नको.

ठमी म्हणजे मांजर. पांढऱ्यावर काळे आणि तांबूस ठिपके, आणि चेहऱ्यावर कायम कुणीतरी आपला अर्ज फेटाळल्यासारखी नाराजी. भिकाजीराव बंदर खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले, त्याच पावसात ती कुंपणाच्या गडग्यावरून उडी मारून घरात आली ती राहिलीच. दुपारी जेवून ते ओटीवर आरामखुर्चीत आडवे झाले, की ठमी यायची आणि त्यांच्या दोन्ही पावलांवर अंग टाकून घरघरायला लागायची. निवृत्तीनंतर हाताखाली म्हणावं असं त्यांच्याकडे तेवढं एकच माणूस उरलं होतं, आणि तेही पायावर बसायचं. पण बसायचं ते फक्त त्यांच्याच, याचा भिकाजीरावांना मनातून फार अभिमान होता.

राजश्रीबाईंचं मात्र मांजर जातीशी उघड वैर होतं. सासूबाई गेल्या आणि घर हाती आलं तेव्हापासून त्या मांजरांना शिव्या घालत होत्या आणि घरातलं मांजर काही संपत नव्हतं. एक गेलं की दुसरं यायचं. "माझ्या नशिबात सासू एकच होती, मांजरं मात्र रांगेनं," असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. त्या दिवशी सकाळी ठमीने सुपातला बांगडा उचलला, राजश्रीबाईंनी हातातलं उलथनं फेकलं, आणि ठमी बांगड्यासकट गडग्यापलीकडे गेली ती दुपारी जेवायच्या वेळेलाही परतली नाही.

"तूच हाकललीस तिला," भिकाजीराव म्हणाले.

"अहो, उलथनं दाराला लागलं. दार नाही कुठे पळून गेलं!"

भिकाजीरावांनी तिखल्याकडे एकदा पाहिलं आणि ते ताटावरून उठले.

शोध पहिल्यांदा रीतसर सुरू झाला. तीस वर्षं सरकारी कागद हाताळलेला माणूस, तो आधी झुडपांत शोधणार नाही, आधी नोंद करणार. मुलीने, पूर्वीने, पुण्याहून फोनवर कुठलंसं संकेतस्थळ सांगितलं, तिथे हरवलेल्या वस्तूंची नोंद होते म्हणाली. भिकाजीरावांनी चष्मा पुसून मोबाइल हातात घेतला. वस्तूंमध्ये छत्रीपासून लॅपटॉपपर्यंत सगळं होतं, मांजर नव्हतं. त्यांनी 'इतर' निवडलं. मग त्याने कंपनीचं नाव विचारलं. मग मॉडेल विचारलं, आणि ते भरल्याशिवाय पुढे जायला तयार होईना. भिकाजीरावांनी बराच विचार करून तिथे 'ठमी' लिहिलं. तर म्हणे, किमान एक आकडा हवा.

शेजारचे दाजी शिवलकर हे सगळं गडग्यावर कोपर टेकून बघत होते. दाजींनी जन्मभर ट्रॉलरवर तांडेलकी केलेली, त्यामुळे जगातली कुठलीही हरवलेली गोष्ट शेवटी मिरकरवाड्याच्या मासळी धक्क्याला लागते असं त्यांचं ठाम मत होतं.

"भिकाजीराव, मोबायलात मांजर गावतं काय? मांजर मासळीकडं जातं. संध्याकाळच्या लिलावाला जावा नि मोठ्यानं हाक मारा. आवाज वळखून येतं का नाय बगा."

भिकाजीराव गेले. इस्त्रीची पँट घालून गेले, कारण धक्क्यावर जुन्या खात्यातलं कुणी भेटायचं. बर्फाच्या पेट्या, जाळी, लिलावाचा गलका, या सगळ्यात उभं राहून त्यांनी आधी दबकत आणि मग जिवाच्या आकांताने "ठमी! ठमे!" अशा हाका मारल्या. धक्क्यावरची झाडून सगळी मांजरं जमली, त्यात ठमी नव्हती. तेवढ्यात एका टोपलीमागून एक धिप्पाड बाई उठून उभी राहिली.

"काय वो, कवाधरनं माज्या नावानं बोंबलताव? घ्यायचं काय ते बोला की!"

तिचं नाव ठमाबाई होतं. आपण मांजर शोधतोय हे अशा बाईला अशा वेळी सांगायची छाती भिकाजीरावांना झाली नाही. ते गुमान भलामोठा हलवा मासा विकत घेऊन घरी आले. रिक्षापर्यंत मांजरं मागे होती आणि पँटला खवले होते.

दुसऱ्या दिवशी दाजी स्वतःच एक मांजर काखोटीला मारून घेऊन आले. ते राखाडी पट्ट्यांचं होतं आणि बोका होतं.

"ही ठमी नाही," भिकाजीराव म्हणाले.

"जल्ला, मांजर ते मांजर! चार दिस खायला घाला, ह्येच नाव लागंल."

हा सल्ला भिकाजीरावांच्या फार जिव्हारी लागला. त्यांनी बोका परत केला आणि दाजींशी दुपारपर्यंत बोलले नाहीत. त्यांना कुठलंसं मांजर नको होतं. त्यांना ठमी हवी होती आणि ती जिवंत आहे का, एवढं कुणीतरी सांगायला हवं होतं. दुपारी ते खुर्चीत पाय पसरून पडत, पावलं उघडी ठेवत, आणि पावलांना नुसता वारा लागे.

अशात राखण आली.

तोडणकरांच्या मागच्या वाडीत आवळीखाली राखणदाराचा चिरा आहे. साप-किरडू, चोर आणि ज्यांची नावं घेत नाहीत अशा सगळ्यांपासून तो घर राखतो. वर्षातून एकदा, मार्गशीर्षात, त्याला नारळ-विडा ठेवायचा आणि केरू गुरवाने गाऱ्हाणं घालायचं, असा रिवाज. भिकाजीरावांचा या गोष्टींवर विश्वास नव्हता, मात्र राखण त्यांनी एकदाही चुकवली नव्हती. विश्वास नाही एवढ्या कारणावरून नारळ चुकवावा इतका आततायी स्वभाव त्यांचा नव्हता.

आजूबाजूची दहा-बारा माणसं जमली. केरूने नारळ हातात धरला, चिऱ्यासमोर उभा राहिला आणि गाऱ्हाणं सुरू केलं.

"बा राखणदारा म्हाराजा! ह्या तोडणकरांच्या वाडीचा तू धनी. आज तुला नारळ-इडा ठेवलाय, तो गोड मानून घे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले.

"ह्यांच्या पोराबाळांवर, झाडामाडांवर नजर ठेव म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

मग केरू वळला आणि रिवाजाप्रमाणे विचारलं, "सायेब, आनि काय खास मागणं हाय?"

आता खरं म्हणजे सोपं होतं. 'आमची ठमी नावाची मांजर हरवली आहे, ती परत येऊ दे,' एवढं म्हणायचं. पण समोर टोपी काढून माणसं उभी होती. गेल्या वर्षी याच चिऱ्यासमोर एकाने पोराला जयगडच्या बंदरात नोकरी लागू दे म्हणून मागणं घातलं होतं, एकीने आजारी नवऱ्यासाठी पदर पसरला होता. तिथे मांजर मागायचं? उद्यापासून सगळा मुरुगवाडा 'मांजरवाले तोडणकर' म्हणाला असता.

"घरातलं जे कोणी बाहेर गेलंय आणि आलेलं नाही," ते खाली बघत म्हणाले, "ते घरी येऊ दे. एवढंच म्हण."

केरू थांबला. "नाव?"

"नाव कशाला? त्याला माहीत असेल."

"नाव घालत्यात सायेब."

"केरू, घाल म्हटलं ना तसंच!"

दुसऱ्यांच्या अर्जांत नाव नाही, वर्णन नाही, तारीख नाही म्हणून तांबडी शाई ओढण्यात ज्याचा जन्म गेला, त्या माणसाने हा अर्ज केला. केरू बिचारा सांगकाम्या. त्यात गाऱ्हाणं म्हटलं की शब्दाला शब्द जोडायची त्याला सवय. त्याने हात उंच केले.

"ह्या घरातलं जे कोन भाईर गेलं असंल, कवा गेलं असंल, कुटं गेलं असंल, त्येला वाट दाव नि ह्या उंबऱ्यात आनून पोचव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" यात सगळ्यात मोठा आवाज भिकाजीरावांचा होता.

आवळीचं एक पानसुद्धा हललं नाही. माणसं प्रसाद घेऊन पांगली. जाताना दाजींनी भिकाजीरावांच्या खांद्यावर हात ठेवला आणि हळू आवाजात विचारलं, "पूर्वी फोन करीत नाय काय?"

दुसऱ्या दिवशी दुपारी भिकाजीराव खुर्चीत पडले होते, तेव्हा मागच्या पडवीतून आवाज आला. लपलप, लपलप, मध्ये थांबून पुन्हा लपलप. ठमीची वाटी राजश्रीबाईंनी अजून उचलली नव्हती, आणि आश्चर्य म्हणजे त्या तीत रोज दूधही घालत होत्या. भिकाजीराव धडपडत उठले. "ठमे!" करत पडवीत गेले. पडवीत कुणी नव्हतं. वाटी मात्र होती आणि तिच्यातलं दूध हलत होतं. त्यांच्या डोळ्यांदेखत ते कडेने कमी कमी होत तळाला गेलं. मग वाटीशेजारच्या रिकाम्या जागेवरून कुणीतरी बारीकशी शिंक दिली.

राजश्रीबाई दारात उभ्या होत्या.

"सुरमई," त्या म्हणाल्या.

सुरमई म्हणजे ठमीच्या आधीची मांजर. मोठ्या रस्त्यावर टेम्पोखाली सापडून गेली, त्याला काही वर्षं झाली. भिकाजीरावांनी स्वतः तिला माडाखाली पुरली होती.

"कशावरून?"

"दूध प्यायली की शिंकायची. एकदाच."

"तुला कसं ठाऊक? तुझं तर मांजरांकडे लक्ष नसायचं."

"नव्हतंच," राजश्रीबाई म्हणाल्या आणि वाटीत आणखी दूध ओतलं.

यावर समजूतदार माणसं करतात तेच दोघांनी केलं. विषय काढला नाही. भिकाजीरावांनी मनाशी उंदीर ठरवला, उन्हाने दूध आटलं असंही ठरवून पाहिलं. मार्गशीर्षात दूध किती वेगाने आटतं, यावर ते बराच वेळ विचार करत होते.

मग बाबूराव आला. हा सुरमईच्याही आधीचा, मोठ्या डोक्याचा बोका. पोफळीवर चढला आणि वरून पडला, त्यातून उठला नाही. हयात असताना जेवायच्या वेळी तो पडवीच्या पत्र्यावर धप्पकन उडी टाकायचा आणि जेवण झाल्यावर झोपाळ्यावर जाऊन झोपायचा. त्या दुपारी पहिला घास तोंडात जातो न जातो तोच पत्र्यावर धप्प झालं. दोघांनीही वर पाहिलं नाही. थोड्या वेळाने ओटीवरच्या झोपाळ्याची कडी कुरकुरली. वारा नव्हता. झोपाळा एकदा खाली दबला, आणि संथ हलत राहिला.

संध्याकाळी पूर्वीचा व्हिडिओ कॉल आला. भिकाजीरावांनी मुद्दाम हसतमुखाने हवापाण्याच्या गप्पा मारल्या. पण पोरीचं लक्ष भलतीकडेच.

"बाबा, मागे झोपाळ्यावर कोण बसलंय?"

"कुणी नाही. का?"

"माझ्या मोबाइलवर चेहऱ्याभोवती चौकट येते ना, ती तुमच्यावर थांबतच नाहीये. सारखी झोपाळ्यावर जातेय. आता उशीजवळ गेली. बाबा, आता ती हलतेय."

भिकाजीरावांनी नेट गेल्याचं सांगून फोन बंद केला. आणि याच मुहूर्तावर दाजी चहाला आले. आल्या आल्या झोपाळ्यावर बसायची त्यांची सवय. ते बसले, आणि बसले तसेच उठले. मागे वळून त्यांनी गादीला हात लावला.

"कोन बसलं व्हतं हितं? गरम हाय जागा."

"मी होतो," भिकाजीराव खुर्चीतून म्हणाले.

दाजींनी त्यांच्याकडे पाहिलं, गादीकडे पाहिलं. गादीत मधोमध एक खोलगट जागा होती आणि ती त्यांच्या बसण्याने झालेली नव्हती. दाजींना एकदम घरी काहीतरी काम आठवलं. चहा तसाच राहिला. ज्यांनी दर्यात वादळं पाहिली होती ते दाजी त्या दिवशी फाटकाची कडी न लावता गेले, आणि पुढे कित्येक दिवस त्यांनी सल्ला दिला नाही.

तिसरा गोट्या. पिल्लू होतं ते, एकाच पावसाळ्याचं. गवतात फुरसं चावून गेलं. त्याला एकच खेळ यायचा, राजश्रीबाई चुलीशी उभ्या असल्या की त्यांच्या पदराचं टोक ओढायचं. सकाळी त्या भाजी परतत होत्या. पदर ओढला गेला. "अरे थांब, देते," त्या मागे न बघता म्हणाल्या, आणि मग त्यांचा हात हवेत तसाच राहिला. पदराचं टोक जमिनीपासून वीतभर वर ताणलेलं होतं, आणि त्याला हिसके बसत होते.

घरात अशी माणसं वावरायला लागल्यावर कुणीही घाबरावं. भिकाजीरावही घाबरले. पण त्या भीतीच्या पोटातून त्यांना हळूहळू एक विलक्षण आनंद व्हायला लागला, आणि त्याचं कारण शुद्ध कारकुनी होतं. सुरमई आली, मग तिच्या आधीचा बाबूराव आला, मग त्याच्याही आधीचा गोट्या. म्हणजे सगळं उलट क्रमाने, शेवटचं पहिल्यांदा असं चाललं होतं. येणारे सगळे मेलेले होते. ठमी मेली असती, तर तिचा नंबर सुरमईच्याही आधी लागला असता. ती आली नाही.

"म्हणजे ठमी जिवंत आहे!" त्यांनी राजश्रीबाईंना सांगितलं.

"तुमच्या तोंडात साखर पडो," त्या म्हणाल्या, "पण हे कुठवर चालायचं ते केरूला विचारून या."

केरूला आता खरं सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं. भिकाजीरावांनी त्याला आवळीखाली नेलं आणि घसा साफ करून सांगितलं की बाबा, मागणं मांजराचं होतं. केरू हसला नाही. हसला असता तर बरं, असं भिकाजीरावांना वाटलं.

"सायेब, मांजर व्हतं तर मांजर बोलायचं व्हतं. त्येला काय त्याचं? तुमी सगळ्यांनाच बोलावलाव."

"मग आता?"

"आता येतील. रांगेनं येतील."

"कुठपर्यंत?"

केरूने मान वळवून घराकडे पाहिलं. चिऱ्याची भिंत, मागच्या दारातून आरपार दिसणारी ओटी, ओटीवर ओळीने लावलेल्या तसबिरी.

"घर किती जुनं हाय?" त्याने विचारलं.

भिकाजीराव चिऱ्याशेजारीच खाली बसले. "गाऱ्हाणं मागे घेता येतं?"

"येतं की. त्येच्यासाटी वेगळं गाराणं. पन मागं घेतलं का सगळंच मागं जातं. जे आलं ते जाईल, नि जे वाटंवर हाय, जितं असलं तरी, त्येची वाट मोडंल. मंग ते ह्या घराकडं तोंड करनार नाय."

भिकाजीराव घरी आले तेव्हा राजश्रीबाईंचा हिशोब करून झाला होता. बाबूरावाच्या आधी गोट्या, आणि गोट्या आला तो सासूबाईंचं वर्ष सरल्यावर. त्या असताना घरात मांजर यायची टाप नव्हती. म्हणजे गोट्याच्या आधी या घरातून बाहेर गेलेलं जे कोणी होतं, ते ओटीवर मधल्या तसबिरीत चंदनाचा हार घालून बसलेलं होतं.

"उद्याच्या उद्या गाऱ्हाणं मागे घ्या," त्या म्हणाल्या.

"आणि ठमी?"

"तुमची आई येतेय!"

"माझी आई आहे ती!"

"म्हणूनच सांगतेय!"

भिकाजीराव फार कात्रीत सापडले. एकीकडे ठमी कुठेतरी वाटेवर असणार, आज नाही तर उद्या गडग्यावरून उडी मारणार. गाऱ्हाणं मागे घेतलं की ती आपल्या हाताने कायमची तोडायची. दुसरीकडे आई. आईला येऊ नको म्हणायचं तरी कसं? एखादी दुपार ती ओटीवर येऊन बसली तर त्यांना काही वाईट वाटलं नसतं, खरं सांगायचं तर बरंच वाटलं असतं. पण आल्या आल्या ती न्हाणीघरातलं आपलं तांब्याचं घंगाळ कुठे गेलं म्हणून विचारणार, आणि ते मोडीत घातल्याचं सांगावं लागणार, हेही तितकंच खरं होतं.

"दोन दिवस थांब," ते म्हणाले. "ठमी येऊ दे. मग घेतो मागे."

राजश्रीबाई थांबल्या. का थांबल्या हे त्यांनी सांगितलं नाही, पण ठमीची वाटी त्यांनी घासून वेगळी मांडली आणि सुरमईला शेजारी दुसरी दिली. भिकाजीराव दोन्ही दुपारी खुर्चीत पडून पावलं पुढे करून जागे राहिले. झोपाळा हलत होता, पडवीत शिंक येत होती, पदर ओढला जात होता. पावलांवर काही बसलं नाही आणि गडग्यावर काही दिसलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी मागच्या दाराशी मशेरीचा वास आला.

त्या घरात मशेरी भाजून दात घासणारं एकच माणूस होऊन गेलं होतं. वास दारापर्यंत आला आणि तिथे थांबला. मग दाराची कडी दोनदा वाजली, आत कोणी आहे का नाही अशा बेताने, जराशी चिडून. राजश्रीबाई विळीवर नारळ खवत होत्या. त्या उठून उभ्या राहिल्या. दाराबाहेर रिकामं अंगण होतं, आणि त्या रिकाम्या अंगणापुढे त्यांनी नकळत डोक्यावरून पदर घेतला. झोपाळा थांबला. पत्र्यावर काही पळालं. घरातली तिन्ही मांजरं एकदम कुठे गेली ते कळलं नाही.

"केरूला घेऊन या," राजश्रीबाई पुटपुटल्या. "आजच."

दुपार कशीतरी काढून भिकाजीराव केरूकडे गेले. वाटेत दाजींच्या गडग्यावर एक तिरंगी शेपूट दिसली म्हणून ते धावत गेले, तर ते वाळत घातलेलं फडकं निघालं. भर रस्त्यात, इस्त्रीच्या पँटमध्ये उभं राहून भिकाजीराव रडले. मांजरासाठी रडताना आपल्याला कुणी पाहील याची त्यांना त्या क्षणी फिकीर नव्हती. आज आपण तिची वाट मोडणार आणि ती कुठेतरी काजूच्या बागेत उभी राहून हे घर विसरून जाणार, एवढंच त्यांच्या डोळ्यांपुढे होतं.

केरू नारळ घेऊन आला तेव्हा ऊन उतरणीला लागलं होतं. तो आवळीकडे गेला. भिकाजीराव राजश्रीबाईंना बोलवायला मागच्या दाराशी आले आणि जागच्या जागी थांबले.

राजश्रीबाई पायरीवर बसल्या होत्या. शेजारी तांदळाचं सूप होतं, पण त्यांचे दोन्ही हात हवेत उचललेले होते. 'बोलू नका,' असं त्यांनी नुसत्या डोळ्यांनी सांगितलं. भिकाजीरावांनी त्यांच्या मांडीकडे पाहिलं. साडीला मधोमध गोल खळगा पडला होता. तो खळगा हळूच वर यायचा आणि हळूच खाली जायचा.

"गोट्या?" त्यांनी ओठांनी विचारलं.

राजश्रीबाईंनी नकारार्थी मान हलवली. आणि मग भिकाजीरावांना ती घरघर ऐकू आली. खालच्या पट्टीतली, मध्येच अडखळून पुन्हा सुरू होणारी. जगातल्या सगळ्या मांजरांत त्यांनी ती ओळखली असती.

म्हणजे ठमी गेली होती. गडग्यापलीकडे, रस्त्यावर, कुठल्या विहिरीत, कुणास ठाऊक. कदाचित पहिल्याच दिवशी. भिकाजीराव दाराच्या चौकटीला धरून उभे राहिले. त्यांना खूप वाईट वाटलं, आणि त्या वाईट वाटण्याच्या तळाशी, सांगायला नको पण, थोडा अपमानही वाटला. इतके दिवस पावलं उघडी टाकून बसलो आणि ही आली ती राजश्रीच्या मांडीवर. जिवंतपणी कधी तिच्या वाऱ्याला उभी राहिली नव्हती.

"इतके दिवस का लागले तिला?" त्यांनी अगदी हळू विचारलं. "सुरमई तर दुसऱ्याच दिवशी आली."

"नवी आहे हो ती," राजश्रीबाई म्हणाल्या. त्यांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि त्या ते पुसत नव्हत्या, कारण हात हलवायचा नव्हता. "त्यांना वाट पाठ. ही शोधत शोधत आली असेल."

मग त्यांनी एक हात सावकाश खाली आणला आणि खळग्याच्या वर, जिथे पाठ असायला हवी तिथे, ठेवला. हात साडीपर्यंत पोचला नाही. मध्येच टेकला आणि तिथेच राहिला.

"सायेब," आवळीखालून केरूची हाक आली, "घालू काय गाराणं? सांज होती आता."

भिकाजीरावांनी राजश्रीबाईंकडे पाहिलं. मशेरीचा वास अजून दाराशी होता, भिकाजीरावांच्या अगदी खांद्याजवळ, सकाळपासून तिथून तो हलला नव्हता.

"थांब म्हणावं त्याला," राजश्रीबाई म्हणाल्या. "आत्ता कुठे डोळा लागलाय तिचा. आपणहून उठली की मग घालू दे."

"अगो, पण उठलीच नाही तर?"

"तर बसेन."

भिकाजीराव घुटमळले. एकदा आवळीखाली नारळ घेऊन उकिडव्या बसलेल्या केरूकडे पाहिलं, एकदा आपल्या खांद्यामागच्या रिकाम्या जागेकडे. "आणि आई?" त्यांनी विचारलं.

राजश्रीबाईंनी वळून पाहिलं नाही. डोक्यावरचा पदर दुसऱ्या हाताने तेवढा पुढे ओढला.

"त्यांना पाट द्या बसायला," त्या म्हणाल्या. "सकाळपासून उभ्याच आहेत."